लेहचा हिवाळा, चार खोल्या आणि घरातली चार मतं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मूळच्या साताऱ्याच्या एक वाचक लग्नानंतर लेहजवळच्या गावात सासरी राहतात. गेला हिवाळा त्यांचा तिथला पहिलाच. घराचा जुना भाग मातीच्या विटांचा आहे. त्याला लागून २०१६ साली चार खोल्यांचा एकमजली सिमेंटचा भाग बांधला. त्याच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला रस्त्याकडे आहेत, दक्षिणेला अंगणाच्या बाजूने फक्त दारं आणि भिंत. उन्हाळ्यात या खोल्या होमस्टेला देतात. आता हिमबिबट्या पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जानेवारी-फेब्रुवारीतही त्या चालू ठेवायच्या आहेत. सासूबाईंच्या मते चन्सातली, म्हणजे स्वयंपाकघरातली, बुखारी पुरेशी आहे. नवऱ्याला चारही खोल्यांत गरम-थंड एसी हवाय. एका कंत्राटदाराने डिझेल बॉयलर आणि रेडिएटरचं कोटेशन दिलंय, त्यात त्यांची सगळी शिल्लक जाईल. त्यांना स्वतःला कॅनडातल्या भावाकडची फरशीखालची हीटिंग आवडली आहे. गेल्या हिवाळ्यात चार वर्षांच्या मुलीचा घोळणा सारखा फुटत होता आणि ‘हीटरने हवा कोरडी पडते’ असं सगळे सांगतात. शिवाय ७१ वर्षांचे वडील जानेवारीत यायचं म्हणतायत. त्या विचारतात, ‘सगळं घर गरम ठेवायचं तर यातलं काय घ्यावं? आणि सासूबाईंना कसं समजवावं?’

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सासूबाईंना समजवायच्या आधी त्या काय करतात ते नीट बघायला हवं असं मला वाटतं. ‘बुखारी पुरे’ असं त्या म्हणतात तेव्हा त्या नुसत्या पत्र्याच्या शेगडीबद्दल बोलत नाहीत. जाड मातीच्या भिंती, बुटकं छत, लहान खिडक्या, मधोमध आग आणि हिवाळाभर सगळं कुटुंब त्याच एका खोलीत, अशी ती पूर्ण व्यवस्था आहे. जुन्या घरांत खाली गुरं असायची, त्यांची ऊबही वर यायची. म्हणजे आमाले (तुमच्या सासूबाई) घर गरम ठेवत नाहीत, माणसं बसतात ती खोली गरम ठेवतात. उरलेलं घर गार पडू देतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही.

तुम्ही मात्र ‘सगळं घर’ हे गृहीत धरूनच लिहिलंय. ही सवय साताऱ्याची नाही, तिथे कोणी घर तापवत नाही. ती भावाच्या घरातून आली असावी. कॅनडात ते जमतं, कारण तिथल्या भिंतींत आणि छतात आधीच उष्णतारोधक थर भरलेला असतो, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा असतात आणि गॅस बहुधा नळाने घरात येतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तेव्हा आधी एक कागद घ्या आणि लिहून काढा: जानेवारीत कोण, कोणत्या खोलीत, किती वाजता असणार आहे? हिमबिबट्याचे पाहुणे पहाटे बाहेर पडतात आणि दिवस मावळताना परततात. त्यांना जेवताना ऊब हवी, झोपताना गरम अंथरूण हवं आणि सकाळी कपडे बदलताना हुडहुडी भरू नये इतपत खोली हवी. दुपारी दोन वाजता त्यांच्या चार रिकाम्या खोल्या २२ अंशांवर ठेवण्यात कोणाचंच भलं नाही. बाहेर उणे १५ असताना आत २२ ऐवजी १५ अंश ठेवले तर भिंती-छतातून जाणारी उष्णता जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होते.

आता ती उष्णता जाते कुठे ते बघू. तुमची एक खोली १२ बाय १४ फूट धरते. तिची उत्तरेची खिडकी चार बाय पाच फूट, एकेरी काचेची. बाहेर उणे १५ आणि आत २० असेल तर त्या एका काचेतून साधारण पावणेचारशे वॅट उष्णता सतत बाहेर जात असते. पण खरा दरोडा डोक्यावर पडतो. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून त्याच फरकाला दीड हजार वॅटच्या आसपास उष्णता जाते. म्हणजे दीड किलोवॅटचा हीटर रात्रभर नुसत्या छतासाठी चालवायचा! याच स्लॅबखाली प्लायवूडचं छत ठोकून मधल्या पोकळीत सहा इंच ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) किंवा दाबलेला कोरडा पेंढा भरला तर तो आकडा दोनशेच्या घरात येतो. (पेंढा भरलात तर धुराड्याचा पाइप त्याच्या आसपास फिरकता कामा नये. जिथून धुराडं जातं त्या खोलीत ग्लासवूलच बरं.)

म्हणून कंत्राटदाराचं कोटेशन बघून मला जरा रागच आला. त्याने चार खोल्यांचं क्षेत्रफळ मोजलं, बॉयलर ठरवला आणि छताबद्दल चकार शब्द काढला नाही. अंगात स्वेटर नसलेल्या माणसाला चहाचे कपावर कप पाजत राहावं, तसा हा प्रकार आहे.

फटींसाठी एक बिनखर्चाची चाचणी आहे. वारा असलेल्या रात्री उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळून सावकाश फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. जिथे तो एकदम आडवा होऊन खोलीत वळतो, तिथे खडूने खूण करा. खालचे कोपरे आणि दाराचा उंबरठा इथे हमखास खुणा होतील. मग फोमची पट्टी, सिलिकॉन, दाराखाली जाड कापडाची गुंडाळी. उत्तरेच्या खिडक्यांना आतून दुसरी काच किंवा निदान चौकटीवर ताणून बसवलेला प्लास्टिकचा पडदा लावा आणि रात्री जाड रजईसारखा पडदा ओढा. तो खिडकीच्या कडांना चिकटून बसायला हवा. नुसता टांगलेला पडदा हवा मागून खाली घसरू देतो आणि पाय गार पडतात.

एवढं झाल्यावर यंत्रणेकडे येऊ. तुमच्या चार पर्यायांत सर्वांत मोठी यंत्रणा राहूनच गेली आहे, ती म्हणजे ऊन. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. तुमच्या महाबळेश्वरला एखाद्या जोरदार दिवशी त्याहून जास्त कोसळतो. कोरड्या हवामानाला आपण नावं ठेवतो, पण त्यामुळेच आकाश स्वच्छ राहतं आणि उणे दहातही दुपारच्या उन्हात भिंतीला टेकून बसता येतं. २१ डिसेंबरला दुपारी लेहचा सूर्य क्षितिजापासून ३२ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर ऊन अकरा फूट आत येतं, म्हणजे जवळपास पलीकडच्या भिंतीपर्यंत. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर असतो आणि दोन फुटांचा छज्जा त्याला बाहेरच थोपवतो. अशी फुकटची यंत्रणा अंगणाच्या बाजूला रोज हजर असताना तुमच्या नव्या भागाची पाठ तिच्याकडे आहे. रस्त्याकडे तोंड करून घर बांधायची ही चाल शहरातून आली.

भिंत फोडायची गरज नाही. गावात नोव्हेंबरमध्ये घरांच्या दक्षिण अंगाला लाकडी चौकट उभारून त्यावर जाड प्लास्टिक ताणतात आणि वसंतात काढतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. शेलखंगाचा, म्हणजे दक्षिणेकडच्या काचेच्या खोलीचाच, हा स्वस्त भाऊ. उन्हात न फाटणारा, हरितगृहाला वापरतात तो कागद घ्या. चारही खोल्यांची दारं त्या आडोशात उघडली की दिवसा गरम हवा आत घेता येईल, रात्री दारं बंद, आणि बाहेरचं वारं थेट खोलीत घुसणार नाही. मला विचाराल तर या घरात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त फरक याने पडेल.

पुढच्या वर्षी पैसे असतील तर दारांच्या मधल्या भिंतींचं ट्रॉम्ब भिंतीत रूपांतर करा. भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग काळा रंगवायचा, चार इंचांवर काच बसवायची, भिंतीला खाली-वर झडपा ठेवायच्या आणि रात्री त्या बंद करायच्या. दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळनंतर आत ऊब सोडते, म्हणून झोपायच्या खोल्यांना ती चांगली. फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच अभियंत्याने १९६७ साली पिरेनीज पर्वतातल्या ओदेइयो गावात अशी घरं उभी केली, म्हणून हे नाव. ते गावही उंच, थंड आणि लख्ख उन्हाचं. लडाखमध्ये ही कल्पना नवी नाही. लेहमधल्या लेडेग या संस्थेने तिचा बराच प्रसार केलाय, आणि फे गावातल्या सेकमॉल या शिक्षणसंस्थेचा परिसर तर दाबलेल्या मातीच्या भिंती आणि ऊन यांवरच हिवाळा काढतो. नवऱ्याला घेऊन तिथे एकदा थंडीतच जाऊन या. आतल्या भिंतीला हात लावून बघितलं की पुढचे वाद निम्मे कमी होतील.

मग एसी? नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. साधा रॉडचा हीटर एक युनिट विजेला एक युनिट उष्णता देतो, त्याहून काडीभर जास्त नाही, मग त्यावर कितीही ‘ऊर्जाबचत’ छापलेलं असो. एसी बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे चांगलं थंडीचं मॉडेल उणे १५लाही एका युनिटला दोनच्या आसपास देऊ शकतं. लेहची कोरडी हवा इथे कामाला येते. दमट थंडीत बाहेरच्या जाळीवर सारखं बर्फ धरतं आणि ते वितळवण्यात वीज जाते, तुमच्याकडे ते फार कमी होईल. पण दिल्लीचा हिवाळा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली गरम-थंड मॉडेलं उणे तापमानात मान टाकतात. दुकानदाराला दोनच गोष्टी लेखी मागा: बाहेर किमान किती अंशांपर्यंत हे चालतं, आणि उणे १५ला किती किलोवॅट उष्णता देतं. ‘दीड टन’ हे उत्तर नव्हे. त्यातही ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. पंखा तेवढीच हवा फेकतोय असं दिसलं तरी ती विरळ असते, म्हणून पुस्तिकेतल्या आकड्यातून थोडं वजा धरा.

वीज हा दुसरा भाग. फेब्रुवारी २०१९ मध्ये श्रीनगर-लेह २२० केव्ही वाहिनी सुरू झाली आणि लेह देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. त्याआधीचे डिझेल जनरेटरचे दिवस घरात सगळ्यांना आठवत असतील. तरीही संध्याकाळी सगळं गाव हीटर लावतं तेव्हा तुमच्या खांबावर व्होल्टेज किती उरतं, ते साध्या मीटरने आठवडाभर मोजून लिहून ठेवा. त्यावरून कळेल चार एसी चालतील की एकही नाही. माझं मत: यंदा एकच घ्या, छत भरलेल्या एकाच खोलीत लावा, एक हिवाळा वापरा. बाकी खोल्यांत पाहुण्यांना चांगली इलेक्ट्रिक ब्लँकेट द्या. शंभर वॅटच्या आसपास विजेत अंथरूण गरम राहतं. हॉटेलवाले चार तारे लावूनही हे सुख देत नाहीत.

बॉयलर आणि फरशीखालची हीटिंग यांना माझा यंदा नकार आहे. दोन्हींत नळ्यांतून पाणी फिरतं. वीज गेली की पंप थांबतो आणि नळ्या गोठून फुटतात. त्यात गोठणरोधक द्रव घालता येतो, पण मग तो जपणं, गळती शोधणं, जानेवारीत माणूस मिळवणं हे सगळं तुमच्या माथी. घाट बंद व्हायच्या आधी डिझेलची पिंपं भरून ठेवायची ती वेगळी. फरशीखालची हीटिंग मला स्वतःला फार आवडते, पण ती घर बांधतानाच करायची गोष्ट आहे, खाली उष्णतारोधक थर घालून. शिवाय ती तापायला बराच वेळ घेते. चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याला ती उपयोगी पडणार नाही. गॅस सिलिंडरवरचे हीटर तर नकोच. आपल्या सिलिंडरात ब्युटेन बरंच असतं आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा वायू होणं जवळपास थांबतं. मग लोक सिलिंडरवर उकळतं पाणी ओततात. कृपा करून घरात कोणालाही ते करू देऊ नका.

राहिली बुखारी. ती चन्सात ठेवा, आमालेंचा कारभार त्यांच्याकडेच राहू द्या. पण तिच्याबद्दल एका गोष्टीत तडजोड नाही: ज्या खोलीत माणूस झोपतो तिथे ज्वाला नको. ना बुखारी, ना गॅस, ना कोळशाची शेगडी. अपुऱ्या हवेत इंधन जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. उंचावरच्या विरळ हवेत हा धोका वाढतो. ‘खोलीत पाण्याची बादली ठेवली की गॅस पाण्यात उतरतो’ हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेल. साफ खोटं आहे. तो पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, आणि असल्या भरवशावर माणसं झोपेत गेली आहेत.

लेहमध्ये यात आणखी एक फसगत आहे. या विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि गरगरण्याने होते, आणि विमानाने थेट उतरलेल्या माणसाला उंचीमुळे पहिल्या रात्री नेमकं हेच होतं. पाहुणा म्हणणार ‘उंची लागली’, तुम्ही म्हणणार ‘पडून राहा’. त्यामुळे चन्सात आणि त्याला लागून असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. लेहला न मिळाल्यास साताऱ्याहून कोणी येताना आणेल, पिशवीत मावतो. आणि एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, दवाखाना गाठा, उंचीची चर्चा नंतर. फटी बुजवण्याबद्दल वर लिहिलंय ते पाहुण्यांच्या खोल्यांसाठी. चन्सात उलट करायचं: बुखारीजवळ बाहेरची हवा येईल असा एक पाइप ठेवायचा, आणि हंगाम सुरू होण्याआधी धुराडं उतरवून काजळी झाडायची.

आता मुलीचा घोळणा. हीटर हवेतलं पाणी खातो, हा समज मोडायला हवा, नाहीतर तुम्ही चुकीच्या वस्तूवर पैसे घालाल. उणे १५ अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर दीड ग्रॅम पाणी मावतं, २० अंशांच्या हवेत सतरा. बाहेरची हवा फटींतून आत आली आणि तापली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते, मग ती बुखारीने तापवा, एसीने किंवा फरशीने. म्हणजे तेल भरलेला हीटर ‘हवा कोरडी करत नाही’ म्हणून जास्त किमतीला विकतात, त्यात काही तथ्य नाही. फटी कमी झाल्या की घरातल्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ टिकते. बुखारीवर पातेलं ठेवा, मुलीच्या खोलीत ओले कपडे वाळत घाला, पण खिडकीच्या आतून पाणी ओघळायला लागलं की थांबा, नाहीतर बुरशी धरेल. खोली जास्त तापवू नका, जितकी गरम तितकी कोरडी. घोळणा फुटला तर तिला बसवून किंचित पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. आपल्याकडे मान मागे टाकून डोक्यावर पाणी थापतात, ते नको. रक्त घशात उतरतं. सारखं होतंय म्हणालात, तेव्हा नाकात घालायच्या सलाइनबद्दल आणि एकूणच तिच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

खर्चाचा क्रम मी असा लावेन: ऑक्टोबरच्या आत दोन खोल्यांचं छत आणि खिडक्या, नोव्हेंबरात दक्षिणेचा आडोसा, अलार्म आणि ब्लँकेट, मग पैसे उरले तर एक एसी. चार नव्हे, दोनच खोल्या पाहुण्यांना द्या. कंत्राटदाराला सांगा, छत भरल्यानंतर खोलीला किती किलोवॅट लागतील ते काढून पुढच्या वर्षी नवं कोटेशन दे. त्याला ते काढता येत नसेल तर तेवढ्यावरूनच निर्णय होईल.

वडिलांना मात्र जानेवारीत बोलावू नका. सातशे मीटरवरून साडेतीन हजारांवर, ७१व्या वर्षी, तेही ऐन थंडीत आणि घराची कामं नुकती झालेली असताना. त्यांच्या डॉक्टरांना विचारून जूनचं किंवा सप्टेंबरचं तिकीट काढा. आल्यावर पहिले दोन-तीन दिवस अंगणात बसून राहायचं, इकडेतिकडे हिंडायचं नाही, हे मात्र तुम्ही त्यांना आत्ताच फोनवर बजावून ठेवा.